बाईच्या कानातला कापूस

बाईच्या दोन्ही कानात कापूस राहे. थंडीचा नाई, बारा महिने. उन्हाळ्यात आमचं पांढुर्णा तव्यावानी तापते, कुत्रे नालीत जाऊन बसते, तवाबी हे बाई कानात कापूस कोंबून ओसरीवर बसलेली. अन् दुकानातला बंडलाचा कापूस चालत नसे तिले. सरकी काढलेली ताजी रुई पायजे. मी कामाले लागली त्या पहिल्या दिवशी तिनं मले भांड्याचं विचारलं नाई, झाडूचं विचारलं नाई. म्हणे, "जिनिंगात होती ना तू? मंग रुई आणून देशीन का?"

म्या मनात म्हटलं, अरे बाप्पा, हे कोठी येऊन पडली मी!

गोटमारीच्या दिवशी, नदीवर दोन गावं एकमेकांले गोटे मारते तवा, तं कापसावरून आणखी फडकं बांधे, हनुवटीखालून डोक्यावर गाठ. दाढ दुखणाऱ्या माणसावानी दिसे. कोणी हसलं का म्हणे, "हसा. तुमचे कान फुकटचे आहेत. मले माझे जपाचे आहेत."

बाई म्हणजे गाण्याची मास्तरीण. सौंसरच्या शाळेत पोरींले गाणं शिकवे, रोज बसनं जाये-ये करे. लगन केलं नाई. रिटायर झाली तं पांढुर्ण्याच्या घरात एकटी राहे. घरात एक पेटी, एक तंबोरा, अन् हे एवढे भांडे. भांडेबी वाजवून घेतलेले. दुकानात जाये अन् एकेका गंजाले, म्हणजे पातेल्याले, बोटाच्या पेरानं टिचकी मारून आयके. दुकानदार म्हणे, "बाई, स्वयंपाक करता का वरात काढता?" तिले फरक पडत नसे. तिले जाऊन आता दोन हिवाळे झाले, पण अजूनबी भांडं घेताना माही टिचकी आपोआप वाजते.

मी तिच्या घरी लागली ते माह्या नातीसाठी. रोशनी माह्या लेकाची पोरगी. पोट्टी लहानपणापासून गाये. मंडळात, शाळेत, हळदीत, कोठीबी. बारावी झाली अन् म्हणे मले गाण्याच्या कॉलेजात जाचं हाये, नागपूरले. शाळेच्या सरनं सांगतलं, तेथी नुसतं गाऊन भागत नाई. टेस्ट राहते. पडद्यामागून सूर वाजवते, तो वळखा लागते. ताल लिहून दाखवा लागते. थाट, राग, साऱ्याचं विचारते. पोट्टीले त्यातलं काईच येत नव्हतं. ते मोबाईलवर आयकून गाये.

माहा लेक म्हणे, "एक वर्ष देतो. नंबर लागला तं जा. नाई लागला तं लोधीखेड्याचं स्थळ पक्कं. मंग रडाचं नाई."

स्थळ वाईट नव्हतं. पण पोट्टी त्या दिवशी जेवली नाई. मी दुसरी शिकलेली, मले कॉलेज काय समजते. पण न जेवणं समजते मले. मी बाईच्या दारात गेली अन् म्हटलं, "बाई, माह्या नातीले शिकवा. मी तुमचं घर सांभाळतो, भांडे, झाडू, पाणी. पैसा एक मागत नाई."

बाईनं माह्याकडं पायलं. एका कानातला कापूस काढला. माह्या डाव्या अंगाले आली अन् हळूच काहीतरी बोलली. मंग उजव्या अंगाले गेली, पुन्हा बोलली. मले उजवीकडचं आयकू आलं. म्हणे, "डावा कान गेला आहे तुझा. कोणं मारलं?"

चाळीस वर्षं झाले होते. माह्या सासूले माहीत नव्हतं, लेकाले माहीत नव्हतं, जिनिंगात संग काम करणाऱ्या बायांले माहीत नव्हतं. मी साऱ्यांच्या डाव्या अंगाले बसो, म्हणजे माहा उजवा कान त्यांच्याकडं राहीन. कोणाले काई समजलं नाई. अन् या बाईले दारात उभ्या उभ्या समजलं.

मी म्हटलं, "दार लागलं."

"दाराले पाच बोटं होते का?"

म्या पदर कानावरून ओढला.

"काय केलं होतं तू?"

"काई नाई," म्हटलं. अन् बाईनं बी मंग काई विचारलं नाई. म्हणे, "पोरीले उद्या पाठव. पण सांग तिले, तीन महिने गायचं नाही."

आता हे आणखी एक. गाणं शिकाले पाठवाची पोरगी, अन् गायचं नाई! रोशनीनं आयकलं तं मटकन खाली बसली. "आजी, हे पागल हाये का?"

दुसऱ्या दिवशी पोट्टीनं हिंमत करून तेच विचारलं, जरा गोड करून. बाई म्हणे, "गळा तं मोराकडेही असते. कान दाखव मले." अन् तिच्याकडून कबूल करून घेतलं, मोबाईलवर सूर पाहाचा नाही, तंबोरा मोबाईलवर लावाचा नाही. "त्या डब्यात पाहशीन तं इथं येऊ नको. तो डबा टेस्टमधी येऊन बसणार नाही तुझ्याजवळ."

मंग सुरू झालं ते. मी न्हाणीजवळ भांडे घासो, अन् ओसरीवर या दोघींची शाळा. बाई पेटीवर एक सूर धरे, म्हणे हा सा. मंग दुसरा वाजवे. हा कोण? पोट्टी म्हणे ग. "पक्का?" "पक्का." "मंग घाबरत काहून सांगतली?" बरोबर सांगतलं तरी बोलणे खाये. अन् सा रोज नवा. आज इकडं, उद्या तिकडं. पोट्टी रडकुंडीले ये. "मॅडम, काल तं सा येथी होता!"

"काल तू कुठं बसली होती?"

"पाटावर."

"आज?"

"चटईवर."

"बदलली का तू? रोशनीच आहेस ना? सा बी तसाच. कुठंही बसव. एकदा बसवला का मंग हलू नको देऊ."

घरी जाताना काम देऊन पाठवे. दिवसभरात जे वाजीन ते वहीत लिहाचं, अन् समोर त्याचा सूर. झाडू, नळ, शाळेची घंटा, बसचा हॉर्न. दुपारच्याले मी अन् रोशनी रेल्वेच्या फाटकावर जाऊन उभ्या राहो. तिगावाकडून गाडी ये. बाईनं सांगतलं होतं, गाडी जवळ येताना भोंग्याचा एक सूर राहते अन् पुढं निघून गेली का दुसरा. किती उतरला ते सांगाचं. फाटकवाला पाहून राहे. एक दिवस म्हणे, "आजी, कोणी येणार हाये का गाडीनं?" म्या म्हटलं, "नाई बापू, सूर येऊन राहिला." त्यानं आपल्या कपाळाले बोट लावलं. मी काय सांगणार त्याले. जन्म गेला पटरीच्या बाजूले, पण भोंगा उतरते हे मले त्या दिवशी समजलं. मी तेथीच उभी राहिली तोंड उघडं टाकून. एवढे वर्षं आयकलं, अन् आयकलंच नव्हतं.

थाट विचारे तं कवाबी विचारे. पोट्टीच्या तोंडात घास असला तरी. "कल्याणात तीव्र कोण?" "मध्यम." "झपताल किती मात्रांचा?" "दहा." "टाळी कुठं कुठं?" मी भांडे घासता घासता आयको, अन् एक दिवस माह्या लक्षात आलं का मी कढई झपतालात घासून राहिली हाये. दोन, तीन, दोन, तीन. मले माहीच लाज वाटली.

बाईच्या कानाचा धाक साऱ्या मोहल्ल्याले. आमच्या कुकरच्या शिट्टीवरून म्हणे, "रबर गेलं आहे तुझं, शिट्टी ढिली येते." घरी जाऊन पायलं, खरंच गेलं होतं. संत्रे विकणारी गल्लीत ये, लांब हाक मारे. बाई ओसरीवरून ओरडे, "चढला वं! वरचा सूर चढला तुझा! खाली उतर!" ते बिचारी डोक्यावरची पाटीच खाली उतरवे.

अन् सौंसरच्या लगनातली गोष्ट तं सारे सांगते. मी बाईकडं लागाच्या आधीची. पंगत बसली, वाजा सुरू. वाज्यात एक क्लॅरनेटवाला, चांगला नावाचा माणूस. बाई जेवता जेवता उठली. हातात जिलबी. सरळ जाऊन त्याच्यापुढं उभी राहिली अन् साऱ्या वरातीपुढं म्हणे, "वरचा सूर चढून राहिला तुझा. बंद कर." त्यानं क्लॅरनेट खाली ठेवलं. म्हणते का मंग त्यानं ते कवा तोंडाले लावलंच नाई. लेकाच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन बसला.

लोक हे हसत हसत सांगेत. मीबी हसली.

संक्रांतीनंतर बाईनं पोट्टीले गाऊ देल्लं. त्याच्या आधी एक धडा देल्ला, तो सांगा लागते. बाईनं पेटीवर खालचा सा दाबला, अन् त्याच्या संगच वरचा सा. म्हणे, "हे दोन सा एकमेकात असे जाते, जसं पाण्यात पाणी ओतलं. वेगळे दिसलेच नाही पाहिजे. अन् जरा जरी चुकले, तं डोलते. वॅंव, वॅंव, वॅंव. डोललं म्हणजे चुकलं. हे येत असन तुले, तं बाकीचं सारं येईन."

मी न्हाणीजवळ होती. मले ते डोलणं लगेच समजलं. जिनिंगात दोन मशिनी बाजूबाजूले राहे. दोघी बरोबर चालल्या तं एकच आवाज. एकीचा पट्टा ढिला झाला का आवाज झोके घ्याले लागे. मी फोरमनले सांगो, पट्टा पाहा. तो म्हणे, तुले कसं समजते. म्या म्हणो, पायात समजते.

तं बाईनं ते दोन सा दाबून धरले, म्हणे, "आता पाहा, कसे मिसळले." अन् मले आयकू आलं, वॅंव, वॅंव, वॅंव.

म्या कान झटकला. पुन्हा आयकलं. डोलून राहिलं होतं.

म्या काय समजावं? मी समजली का आता माहा उजवा कान बी गेला. डावा तं गेलाच होता. बाईचा कान म्हणजे गावाचा कान, तिले चूक समजणार नाई अन् मले समजीन? मी राख घेतली अन् गंज घासाले लागली. पोट्टीनं बी तेच केलं असन. तिनं मंग मले सांगतलं, तिले सुरुवातीचे आठ दिवस डोललं. मंग डोलणं बंद झालं. बाई म्हणे हेच मिसळणं, तं तिच्या कानानं तेच मिसळणं मानून घेतलं.

दर रविवारी बाई पेटी खोले. आतमधी पितळेच्या पट्ट्या राहते, सूर त्यातून निघते. अर्ध्या ब्लेडनं ती वरच्या पट्ट्या बुडाशी हळूहळू खरवडे. कानातला कापूस काढून, डोळे मिटून. "चढते सारखी," म्हणे. "हवा बदलली का चढते." मले वाटे, काय जीव लावते बाई.

रामनवमी आली. आमच्या मंडळाचं सकाळचं भजन, मांडवात. रोशनी सहा महिन्यांनी लोकांपुढं गाणार होती. मी पहिल्या रांगेत बसली, पाय दुखत होते तरी. लेकबी आला होता, मागं उभा.

पोट्टी गायली. खाली खाली होती तोवर काय गायली! लोकांच्या माना हलून राहिल्या. मंग वर गेली. अन् पेटीवाल्या भाऊजीनं एकदम तिच्याकडं पायलं. ते पुन्हा वर गेली, त्यानं पेटी जोरात दाबली, तिले वर आणाले. पण ते येत नव्हती. वरचा सूर बसला का उतरलेला. दरवेळी उतरलेला. तबल्यावाला खाली मान घालून हसला. मागून एक बाई म्हणे, "शिकाले गेली होती का भुलाले?" दुसरी म्हणे, "मास्तरणीनं होतं ते बी काढून घेतलं पोट्टीचं."

पोट्टीनं गाणं अर्ध्यात सोडलं. तिच्या तोंडावर रक्त नव्हतं. तिले समजतच नव्हतं का काय चुकलं, तिले तं बरोबरच वाटून राहिलं होतं! याचंच जास्त भेव राहते, चुकण्याचं नाई. माहा लेक जवळ आला अन् बारीक आवाजात म्हणे, "माय, फोन करू का मंग लोधीखेड्याले?"

मी उठली नाई. भजन झालं, लोक परसादाले गेले. पेटीवाला भाऊजी पेटी तपासून राहिला होता, त्याले आपल्याच पेटीवर शंका आली बिचाऱ्याले. त्यानं खालचा सा दाबला, वरचा सा दाबला, संगच.

डोललं नाई.

पाण्यात पाणी. एक. सरळ. मी म्हटलं, "भाऊजी, अजून एक डाव." त्यानं दाबलं. नाई डोललं.

कान माहा तोच. एकच, जुना, फुटका समजलेला. पेटी दुसरी. मंग डोलून कोण राहिलं होतं इतके दिवस?

मांडवाच्या खांबाले धरून मी तेथीच बसली. मले त्या धड्याच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी आयकलं होतं. अन् मी राख घेऊन गंज घासत बसली.

तीन दिवस मी बाईले काई बोलली नाई. कसं बोलाचं? बाईकडं दुसरं काय होतं? नवरा नाई, लेकरू नाई. कानच होता तिचा संसार. अन् इकडं पोट्टी. टेस्टले दोन महिने. तिसऱ्या दिवशी बाईच म्हणे, "काय झालं वं? भांडे आज ठेक्यात नाहीत."

रोशनी चटईवर बसली होती, मान खाली. म्या हात पुसले. म्हटलं, "बाई, तुमच्या पेटीचा वरचा सा डोलते."

कानात कापूस होता. तिले आयकू गेलं नाई. "काय?" म्हणे.

एकडाव म्हणता येते. तेच दुसऱ्या डाव म्हणाले लय जोर लागते. पण म्हणा लागलं. "तुमच्या पेटीचा वरचा सा डोलते, बाई. मंडळाच्या पेटीचा नाई डोलत."

बाईनं कापूस काढला. हसली. "तुले एक कान आहे."

"हाव. त्यालेच डोलते."

"अन् मले दोन आहेत, मले डोलत नाही. आता बोल."

म्या पेटीकडं बोट केलं अन् तशीच उभी राहिली. बाईनं रोशनीकडं पायलं, ते रडून राहिली होती. बाईचं हसू गेलं. मास्तरीण होती शेवटी, तपासल्याशिवाय मानणार नाई, अन् तपासल्याशिवाय नाकारणारबी नाई. म्हणे, "बसा दोघी. तू त्या भिंतीकडं तोंड कर. पोरी, तू दाराकडं. एकमेकीले पाहाचं नाही. मी दोन्ही सा दाबते. डोललं तं बोट हलवा, जसं डोलीन तसं. नाही डोललं तं बोट सरळ."

रोशनीले म्या म्हटलं, "पोट्टी, मॅडमनं शिकवलं ते भूल. पहिल्या आठ दिवसांतलं आयक."

माहं तोंड भिंतीकडं. पेटी वाजली. वॅंव, वॅंव, वॅंव. म्या बोट हलवलं, खाली, वर, खाली, वर. पेटी वाजतच राहिली. थांबेच ना. बाई भाता मारतच होती. माहा हात भरून आला.

मंग पेटी थांबली. म्या वळून पायलं. रोशनीचं बोट अजून हवेत होतं. बाई आमच्या दोघींच्या मधात बसली होती अन् एकदा माह्या बोटाकडं पाहे, एकदा तिच्या. मंग म्हणे, "दोघींचे बोटं संगच हलत होते. एका मात्रेचा फरक नाही." तिचा आवाज असा झाला जसं दुसरंच कोणी बोलून राहिलं. "अन् मले सूर सरळ आयकू येऊन राहिला."

अख्ख्या जिंदगीत मी लय पायलं. नवरा गेलेला पायला, जिनिंगात एका बाईचा हात मशिनीत गेलेला पायला. पण त्या दिवशी बाईचं तोंड पायलं तसं नाई पायलं. ते रडली नाई. हलली नाई. पेटीवरच्या अर्ध्या ब्लेडकडं पाहात राहिली.

"कवापासून?" म्हणे.

"तुम्ही तो दोन साचा धडा देल्ला तवापासून आयकतो मी. त्याच्या आधीचं मले माहीत नाई."

"मंग बोलली काहून नाही?"

"मले वाटलं माहा कान फुटका."

बाई म्हणे, "अन् मले वाटलं, साऱ्या गावाचा."

बस. मंग तिनं दोन्ही कानांतला कापूस, एक हातात होता अन् एक कानातच राहिला होता, दोन्ही अंगणात टाकले. "एवढं जपलं मी याले," म्हणे. मंग जरा वेळानं, "बस किती वाजता आहे सौंसरची?"

मले वाटलं, डोकं फिरलं हिचं. पण मी संग गेली. दुपारचं ऊन, बसमधी उभं राहा लागलं. सौंसरले उतरून ते सरळ पंक्चरच्या दुकानात. क्लॅरनेटवाला बाकड्यावर बसला होता, म्हातारा झालेला. दुकानात चारपाच गिऱ्हाईक. बाई त्याच्यापुढं उभी राहिली, जशी त्या दिवशी राहिली असन. म्हणे, "त्या लगनात तुझा सूर बरोबर होता. चढला नव्हता. कान माझा गेला होता. मी साऱ्यांपुढं बोलली होती, म्हणून साऱ्यांपुढं सांगते."

गिऱ्हाईकाच्या हातातला पंप थांबला. म्हातारा पाहात राहिला. मंग म्हणे, "बाई, मले तं तवाच माहीत होतं. पण तुमच्या हातात जिलबी होती. जिलबी धरलेल्या बाईसंग काय भांडाचं?"

बाई एकदम हसली. म्हाताराबी हसला. पण त्याचे डोळे भरलेले होते.

तोच माणूस चौथ्या दिवशी पांढुर्ण्याले आला अन् बाईची पेटी खोलून बसला. बाईनं ज्या पट्ट्या बुडाशी खरवडल्या होत्या, त्या त्यानं शेंड्याशी घासून वर आणल्या. वरचा एकेक सूर बसवला का माह्याकडं पाहे. मी बोट सरळ धरो. बाई बाजूले बसून राहे, हात मांडीवर. आपल्याच घरी आलेल्या पाहुण्यावानी.

पण शिकवणं सोडलं नाई तिनं. मी समजली होती का आता बाई अंथरूण धरन. दुसऱ्याच दिवशी म्हणे, "खालचं मले पक्कं आयकू येते. खालचं मी सांगीन. वरचं तू सांग." मी म्हटलं, "बाई, मी भांडेवाली." म्हणे, "मंग काय झालं? दोघींचे मिळून तीन कान आहेत. त्यात एक पोरीले पुरीन."

दोन महिने तसं चाललं. रोशनी गाये, खाली असली का बाई मान हलवे, वर गेली का बाई माह्याकडं पाहे. मी बोट धरो. सरळ का हलतं. पोट्टीचा बसलेला कान मोडाले लय तरास झाला. बसवलेलं काढणं बसवण्याहून कठीण. एक दिवस तिनं वही फेकली. बाईनं उचलून देल्ली, म्हणे, "चूक माझी आहे, राग माझ्यावर फेक. वही काहून फेकते?" मंग पोट्टी गपचूप बसली अन् पुन्हा सा लावला.

टेस्टच्या दिवशी बाई संग आली नाई. "मी आली तं तिथल्या पेट्यांले बी नावं ठेवीन," म्हणे. मी अन् रोशनी गाडीनं गेलो. मी बाहेर बाकड्यावर बसली. आतून पेटीचा आवाज ये, दाराच्या फटीतून, कधी ये कधी नाई. एकदा दोन सा संगच वाजले. म्या बोट धरलं. सरळ होतं. मंग आतून रोशनीचा आवाज वर गेला. बोट सरळच होतं. बाजूच्या बाकड्यावरचा एक बाप माह्याकडं पाहून राहिला का हे म्हातारी बोट काऊन दाखवून राहिली.

घरी आलो तं बाई ओसरीवर उभी. पास का नापास, काई नाई. म्हणे, "सा कुठं देल्ला त्यांनी?"

"तीन डाव बदलला, मॅडम."

"हलू देल्ला का तू?"

"नाई."

"मंग झालं."

यादी लागली. रोशनीचं नाव होतं. लेकानं मोबाईलवर दोन डाव वाचलं, मंग बाहेर जाऊन लोधीखेड्याले फोन लावला अन् आमचं जमत नाई म्हणून सांगतलं. अन् त्या दिवशी तो माह्या उजव्या अंगाले येऊन बसला. पोट्टीनं सांगतलं असन त्याले माह्या कानाचं.

रोशनी हॉस्टेलले गेली. मी बाईचं काम सोडलं नाई. बाई आता बिना कापसाची ओसरीवर बसे. साऱ्या गल्लीचा आवाज कानात घुसू दे. संत्रेवाली ये, हाक मारे. मी सवयीनं बाईकडं पाहो, का आता ओरडते. बाई म्हणे, "मारू दे हाक. सुरात असन." वाजा गेला, सुरात असन. देवळातली घंटा, सुरात असन. ज्या बाईनं जन्मभर कोणाले सोडलं नाई, ते साऱ्यांले सोडून बसली होती.

एक दिवस भांडे झाले, मी पदराले हात पुसून राहिली होती. बाई म्हणे, "तू काय केलं होतं? त्या दिवशी सांगतलं नाही."

मले समजलं कोणत्या दिवसाचं. म्हटलं, "गाऊन राहिली होती. वावरातून येताना. दारात नवरा उभा होता, तरी थांबली नाई."

बाईचा श्वास अडकलेला मले आयकू आला. मंग विचारलं, "अन् त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर नाई."

"चाळीस वर्षं?"

"हाव."

बाईनं पेटी ओढली. खालचा सा दाबला अन् धरून ठेवला. माह्याकडं पायलं नाई, अंगणाकडं पाहात राहिली. म्हणे, "बस. गाय."

मी उभ्यानंच गायली. तेच गाणं, वावरातलं. आवाज कसा होता, ते मले काय माहीत. कोठी फाटला, कोठी घासला. पण दारात येईवर जेवढं झालं होतं तेवढं झालं, अन् मंग त्याच्या पुढचंबी झालं. पुरं झालं. बाईनं भाता सोडला.

म्या म्हटलं, "बाई, सुरात होती का मी?"

बाई मास्तरीण होती. कोणाचं मन राखाले तिनं कवा खोटं सांगतलं नव्हतं, अन् त्या दिवशीबी नाई.

"खालचं पक्कं होतं," म्हणे. मंग जरा थांबली. "वरचं... असन."